चाळीस व्हायोलिनं आणि सांडव्याची भिंत

उत्तम कसबे. राहणार पाली, तालुका आणि जिल्हा बीड. बँडपथकात क्लॅरोनेट वाजवतात. यांच्यावर अन्याय झाला तो मागच्या कार्तिकात, तुळशीची लग्नं आटोपल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, मुंबईतल्या एका गारेगार सभागृहात. वेळ नेमकी ठाऊक आहे, कारण मी तिथं होते आणि टाळ्या वाजवत होते.

गेले होते खरं तर दुसऱ्याच कामाला. सभागृहाच्या सफाई कामगारांना हक्काची रजा मिळत नव्हती, त्याचं पत्रक दारात वाटत होते. दारावरच्या माणसाला माझी दया आली की कटकट नकोशी झाली कोण जाणे, त्यानं मला मागच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीत नेऊन बसवलं. मंचावर चाळीस व्हायोलिनं, शिवाय बाकीचा वाद्यवृंद. एका व्हायोलिननं पाच-सहा स्वरांचा तुकडा वाजवला. तो संपायच्या आत दुसऱ्यानं तोच धरला, जरा उशिरानं. मग तिसऱ्यानं. बघता बघता चाळीस जण एकमेकांच्या मागं लागले. अंगावर काटा आला.

कार्यक्रमाच्या पत्रिकेत लिहिलं होतं, रचनाकारानं इलेक्ट्रॉनिक संगीतातलं 'डिले'चं तंत्र, म्हणजे आवाज थोडा रोखून पुन्हा ऐकवण्याचं तंत्र, एकही यंत्र न वापरता वाद्यवृंदात आणलं आहे. हे नवं नाही आणि यात लबाडीही नाही. गेल्या शतकात काही संगीतकार रेडिओच्या प्रयोगशाळांत बसून ध्वनिफिती कात्रीनं कापत होते. तुकड्याची टोकं जोडून तोच तो गरगर फिरवायचा, उलटा वाजवायचा, ताणायचा. ही माणसं पुन्हा वाद्यवृंदाकडं वळली तेव्हा त्यांचे कान बदललेले होते. यंत्रानं जे केलं ते माणसांकडून वाजवून घ्यायला त्यांनी सुरुवात केली. शंभर वाद्यांना शंभर वेगळ्या ओळी लिहायच्या आणि ऐकणाऱ्याला मात्र धुक्यासारखा एकच आवाज. घंटेच्या एका टोल्यात कोणकोणते स्वर दडलेत ते तपासून ते बासऱ्यांना, कर्ण्यांना वाटून द्यायचे. आता हेच काम संगणकावर होतं. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या संध्याकाळी मला दिसली ती पत्रिकेतली शेवटची ओळ, मुंगीएवढ्या अक्षरातली: 'मूळ ध्वनी: पारंपरिक, मराठवाडा.'

हा पारंपरिक राहतो कुठं? कुणाचा कोण?

मराठवाड्यात ध्वनिमुद्रणाला गेलेला तंत्रज्ञ शोधेपर्यंत होळी उजाडली. तो म्हणाला, बीडजवळ धरणाच्या खाली एक बँडवाला होता, सगळे त्याला उत्तम मास्तर म्हणत होते. मूळ ध्वनिमुद्रण त्यानं मला मोबाईलवर दिलं. मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं, छापलं, वाटलं, आयोजकांना पाठवलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर: 'सदर वादकाने स्वतःच्या तोंडाने दिलेली संमती ध्वनिमुद्रित आहे.' तीच रचना आता पुण्यात वाजणार होती आणि नवी पत्रिका सोमवारी छापायला जाणार होती. मी बुधवारी पुण्याहून एसटीत बसले.

आष्टी

आष्टीला उतरले ती गाडी बदलायला, पण मला स्टँडवर बसून राहणं जमत नाही. टपरीवाल्यानं विचारलं, "सुशीला हाय, गरम. देऊ का?"

"मला उत्तम मास्तर पाहिजेत," मी म्हटलं. "सुशीला कोण?"

टपरीवरचे झाडून सगळे हसले. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणी. वर डाळ्याचं कूट, शेंगदाणे, मिरची, कोथिंबीर. आमच्या पुण्यात पोह्यांवर जग संपतं. मी दोन बशा खाल्ल्या आणि मास्तरांची चौकशी करत बाजारपेठेतल्या एका बँडपथकाच्या गाळ्यात शिरले. भिंतीला सोनेरी काठाचे कोट टांगलेले, खाली मालक बनियनवर ढोलाचं कातडं ताणत बसलेले. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी हातातलं काम थांबवलं.

"ऑर्केस्ट्रा म्हणताव? मुंबईचा? नाचणाऱ्या किती होत्या?"

"नाचणारं कुणी नव्हतं."

"मंग गाणारे?"

"नाही."

"दोन गाण्यांच्या मधी जोक सांगणारा?"

"नाही हो. नुसती व्हायोलिनं."

ते मागं बसलेल्या ढोलवाल्याकडं वळले. "मंग कशाचा ऑर्केस्ट्रा बे ह्यो?"

चूक माझी. इकडं जत्रेत स्टेज बांधून सिनेमाची गाणी होतात त्याला ऑर्केस्ट्रा म्हणतात. मी 'मास्तरांचं वाजवणं ऑर्केस्ट्रानं पळवलं' असं सांगत सुटले होते, म्हणजे यांच्या डोळ्यांसमोर झगमगीत कपड्यांतल्या बाया नाचत होत्या.

"उत्तम मास्तर म्हंजी पालीचा," मालक म्हणाले. "भिंतीसंगं वाजवितो ते. त्याचा जोडीदार आमच्या आष्टीचाच होता. एकानं सोडलं की दुसऱ्यानं धरायचं, मधी सुई जायला जागा न्हाई. आता जोडीदार टोळीसंगं ऊस तोडाया जातो. क्लॅरोनेट मोडीत घातला म्हणं."

"आणि मास्तर?"

"मास्तर येडा हाय. त्यानं भिंतीलाच जोडीदार केलं. उद्या नेकनूरला सुपारी हाय त्याची, लगीन. तिथंच गाठा."

भिंत म्हणजे काय, हे मी विचारलंच नाही. मला वाटलं, म्हणायची पद्धत असेल.

नेकनूर

दुसऱ्या दिवशी बीडहून नेकनूरला पोचले तेव्हा लग्नाला अजून तासभर होता. फाट्यावर एक धनगरीण शेळ्या घेऊन सावलीला बसली होती. तिच्या मांडीवर काळं-पांढरं करडू, कान असे की कुणी इस्त्री करून ठेवलेत. मी म्हटलं, "काय गोड आहे हो!"

"तुमचंच हाय की," ती म्हणाली. "घेऊन जावा."

"नाही नाही, अहो, मी पुण्यात कुठं ठेवू?"

"ठिवा की गॅलरीत."

"तिसऱ्या मजल्यावर राहते मी. आणि असं कुणाचं जनावर फुकट घेणं..."

मी तिला मेहनतीचं मोल या विषयावर सांगू लागले. तिनं पदर तोंडाला लावला. शेजारचा म्हातारा म्हणाला, "बाई, ती द्यायली न्हाई. नुसतं म्हणायली. तुमी 'असू द्या, तुमच्याकडंच चांगलंय' म्हणायचं आन् निघायचं." पुण्यात वस्तू चांगली म्हटली की कुठल्या दुकानातून घेतली ते सांगतात. इकडं ती हातावर ठेवतात आणि तुम्ही ती परत कराल असं धरून चालतात.

लग्नात नवरदेवाचा परण्या निघाला होता, म्हणजे लग्नाआधी मारुतीच्या दर्शनाला जाणारी मिरवणूक. पुढं बँड, मागं ट्रॅक्टरवर मोठाले स्पीकर वाट बघत. मरून कोट, पांढऱ्या मिशा, गालाच्या दोन पिशव्या: उत्तम मास्तर. शेजारी त्यांच्याच पथकाचा कीबोर्डवाला. मास्तरांनी वाजवलेला तुकडा तो यंत्रातून पुन्हा ऐकवत होता, बटण दाबून. प्रत्येक वेळी मास्तर कपाळाला आठी घालत होते.

मिरवणूक मारुतीपाशी थांबली तशी मी पुढं झाले आणि पत्रक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला. मोठ्यानं वाचायला लागले. मला बरं वाटलं. चार ओळी बरं वाटलं.

"'मराठवाड्यातील एका निरक्षर सनईवादकाची उघड लूट,'" त्यांनी वाचलं. थांबले. "निरक्षर कोण?"

मी पत्रक परत घ्यायला हात पुढं केला.

"धाव्वी झालोय मी. फर्स्ट ट्रायला. आन् ही सनई हाय का?" त्यांनी क्लॅरोनेट माझ्या नाकासमोर धरला. "ए कीबोर्डवाल्या, ही सनई हाय का रे?"

"न्हाई मास्तर. पण तुमी निरक्षर असू शकताव."

सगळा बँड खिदळला. मास्तर हसले नाहीत. "मुंबईवाल्यानं नाव विचारलं न्हाई म्हणून तुमी भांडायलाव. आन् तुमी कुणाला विचारून छापलंव हे?"

कुणालाच विचारलं नव्हतं. 'एका निरक्षर सनईवादकाची' हे मी पुण्यात बसून लिहिलं, कारण ते वाचायला चांगलं वाटत होतं. त्या पत्रकाचे उरलेले गठ्ठे परत आल्यावर मी रद्दीत घातले. ज्यांच्या हातात ते पोचलंय त्यांनी फाडून टाकावं.

"चुकलं," मी म्हटलं. "पूर्ण नाव सांगा. आता बरोबर लिहिते."

"जेवायला बसा आधी," मास्तर म्हणाले. पंगतीत वरण, वांग्याची भाजी, बुंदी. ते माझ्या शेजारी बसले आणि पानावरचं मीठसुद्धा त्यांनी संपवलं. हात धुताना म्हणाले, "सकाळी पालीला या. वारा पडलेला असतो तवा या. भिंत दाखवितो."

पाली

सकाळी सहाला हजर. मास्तरांच्या मंडळी सुमनबाईंनी बाजरीची भाकरी आणि येसराची आमटी पुढं केली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसाला घातलेलं पीठ, उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी तयार. न्याहारीला इतकं तिखट मी कधी खाल्लं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं तर त्या म्हणाल्या, "रडू नगा, आदी खरं सांगा. ह्यांच्या वाजवण्यावर तिकडं बाया नाचल्या का?"

आष्टीचा फोन माझ्या आधी पोचला होता.

"नाही, काकू. सगळे खुर्च्यांत बसून होते. खोकतसुद्धा नव्हते."

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या आणि मला आणखी एक भाकरी वाढली.

मग आम्ही बिंदुसरा नदीवरच्या धरणाकडं निघालो. तिथला सांडवा म्हणजे धरण भरल्यावर जादा पाणी जिथून खाली पडतं ती दगडी भिंत. पावसाळ्यात तिच्यावरून पाण्याची चादर पडते, बघायला गर्दी होते. उन्हाळ्याच्या तोंडाला भिंत कोरडी, खालचं पात्र नुसते दगड. मास्तर दगडांवरून बेतानं चालत एका जागी थांबले, दोन पावलं मागं गेले, अर्धं पाऊल पुढं आले. मग वाजवलं.

पाच-सहा स्वर. तेच. चाळीस व्हायोलिनांचे तेच. भिंतीनं ते परत दिले, जरा उशिरानं, जरा ओलसर. आणि भिंत बोलत असतानाच मास्तरांनी पुढचा तुकडा असा धरला की जुना कुठं संपला, नवा कुठं सुरू झाला ते सांगता येईना. भिंत, मास्तर, भिंत. दोन क्लॅरोनेट. डोळे मिटले तर तीन.

"याला सांधा म्हणतो मी," ते म्हणाले. "जोडीदार होता तवा त्याच्यासंगं मारायचो. तो गेल्यावर हात रिकामा झाला. एकदा म्हशी धुवायला आलतो इथं, सहज फुंकलं, तर भिंत बोलली. म्हटलं, चला, हिला शिकवू. पण हीच मला शिकविती. वारा असला की तिचं टायमिंग बदलतंय, ऊन झालं की बदलतंय. मंग मी पाऊल सरकवितो. तो कीबोर्ड बघितला न्हाई का, एकाच मापानं थांबतंय. माणूस काय एका मापानं थांबतो का?"

मी इतके दिवस ओरडत होते की यांचा आवाज चोरला. आवाज ही तर किरकोळ गोष्ट. पत्रिकेत ज्याला इलेक्ट्रॉनिक संगीतातून आलेलं तंत्र म्हटलंय, ते या रचनेत संगणकातून आलंच नव्हतं. संगणकात गेलं तेव्हाच ते त्या आवाजात होतं. वाद्यवृंदानं यंत्रापासून पुष्कळ घेतलं हे खरं. इथं मात्र यंत्र मधला हमाल होतं. या टोकाला एक माणूस भिंतीसमोर पाऊल सरकवत उभा होता.

"मास्तर, मग लिहून द्या," मी म्हटलं. "संमती दिली नव्हती म्हणून."

"दिलती की."

"काय?"

"ऐकवा ते. असंल त्यात."

मी मूळ ध्वनिमुद्रण शेवटापर्यंत कधी ऐकलंच नव्हतं. सूर संपल्यावर बंद करत होते. आता चालू ठेवलं. सूर संपतात, मग एक शहरी आवाज: 'वा! अप्रतिम. हे कुणाचं आहे?' आणि मास्तरांचा हसरा आवाज: 'तुमचंच हाय की सायेब. घेऊन जावा.'

हीच ती संमती. फाट्यावरचं करडू मुंबईला नेऊन बांधलं होतं.

"हे बोलणं तसं नसतं!" मी ओरडले. भिंतही ओरडली. "तसं नव्हतं म्हणायचं, एवढं लिहा. त्यांची पत्रिका सोमवारी छापायला जातेय. नाव नाही आलं तर पुढं कायमचं 'पारंपरिक' राहील."

"न्हाई."

"का नाही?"

"कावून म्हंजी? दारी आल्याला तुमचंच म्हणायचं आन् मागून पत्र धाडायचं, का बाबा, आमी थट्टा केलती? माझ्या बापानं असं केलं न्हाई. मी म्हणलो ते म्हणलो."

मी भांडले. खूप भांडले. हक्क, कष्ट, शोषण, सगळे शब्द वापरले. प्रत्येक शब्द भिंतीनं मला परत दिला आणि तो प्रत्येक वेळी आधीपेक्षा पोकळ वाटला. शेवटी थकून मी मुंबईच्या सभागृहात वाजलेली रचना मोबाईलवर लावली आणि इअरफोन त्यांच्या कानात घातले. निदान काय नेलंय ते तरी ऐका.

ते दगडावर बसले. आधी मान हलवत होते. मग मान थांबली. बोटं मांडीवर हलायला लागली. एकदम त्यांनी हात वर केला. "मागं घ्या. थोडं मागं."

मी मागं घेतलं.

"हे बघा. इथं सगळे मधीच तुटले. ऐकलंव का?"

मला माहीत होती ती जागा. मुंबईत सगळं सभागृह त्या जागी श्वास रोखून बसलं होतं. एका समीक्षणात तिला 'अचानक उघडलेली दरी' म्हटलं होतं.

"तो माझा ठसका हाय," मास्तर म्हणाले. "त्या दिवशी चिलट गेलतं नरड्यात. मूळचं लावा."

मूळचं लावलं. त्याच जागी सूर तुटतो, बारीक खर्र होतं, मग सांधा उशिरा पडतो. चाळीस व्हायोलिनवाल्यांनी, कोट घालून, कागदावर बघून, चिलटाची जागासुद्धा जशीच्या तशी वाजवली होती.

मास्तर हसायला लागले ते थांबेनात. डोळे पुसले, पुन्हा हसले. मग गंभीर झाले. "पारंपरिक लिहिलंय न्हाई का त्यांनी? परंपरेला ठसका लागत न्हाई, ताई. माणसाला लागतो."

त्यांनी माझ्याकडून वही आणि पेन घेतलं. गुडघ्यावर वही ठेवून, सुरेख गोल अक्षरात, न खोडता लिहिलं. मी त्यांच्या परवानगीनं, या वेळी विचारून, जसंच्या तसं देते आहे:

'साहेबांस नमस्कार. तुमचंच आहे असे मी बोललो ते खरे आहे व मी ते माघारी घेत नाही. तुम्ही खुशाल वाजवा. परंतु माझे होते म्हणूनच मी तुमचे आहे असे म्हणू शकलो. दुसऱ्याची वस्तू कोणी कोणास देत नाही. तरी ज्याने दिले त्याचे नाव लिहावे. ठसक्याची जागा पुढील वेळी नीट करून घ्यावी. आपला, उत्तम कसबे, क्लॅरोनेट, पाली.'

ठसक्याची ओळ काढा, असं मी म्हटलं. पत्र कमजोर होतं त्यानं. ते म्हणाले, "चुकीचं वाजवू नये, एवढंच हाय. त्यात राग कसला?"

बीडच्या पोस्टातून शुक्रवारीच ते रजिस्टर केलं, शिवाय फोटो काढून पाठवला. शनिवारी उत्तर नाही. रविवारी परतीच्या गाडीत दर दहा मिनिटांनी मोबाईल बघत होते. सोमवारी आयोजकांच्या कचेरीत जाऊन बसले. पत्र पोचलंय, म्हणाले, पण 'या टप्प्यावर बदल शक्य नाही.' पत्रिका सोमवारची वाट न बघता शनिवारीच छापून झाल्या होत्या. मी एक बघितली. तीच ओळ, तीच मुंगीएवढी अक्षरं.

वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी काहींनी तिकिटं काढलीत, मला माहीत आहे. जा. रचना चांगली आहे, मास्तरांनाही आवडली. पण पत्रिका हातात आली की खुर्चीत बसण्याआधी शेवटची ओळ शोधा, 'पारंपरिक' हा शब्द खोडा आणि तिथं लिहा: उत्तम कसबे, पाली. मध्यंतरात ती पत्रिका आयोजकांच्या टेबलावर ठेवून या. आणि शेवटी रचनाकार वाकून नमस्कार करायला येईल तेव्हा हे नाव त्याच्या तोंडून येईपर्यंत टाळी वाजवू नका. मी मागच्या वेळी वाजवली होती. तुम्ही हात मांडीवर ठेवा आणि थांबा.